शाळेतील चित्रकलेचा तास आणि अक्षराची घडण



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते चित्रकलेचे शिक्षक नव्हते. ते मराठी आणि इतिहास शिकवीत. तरीही त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो त्यांच्या दोन्ही विषयांना लागून आहे असे मला वाटते. व्यवस्थापक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी उपयोजित कलेचा विद्यार्थी. काही वर्षे छपाईच्या धंद्यात काढली आणि पुढे बडोद्यात नववी-दहावीच्या मुलामुलींना ग्राफिक डिझाइनचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवीत आलो. शाळेत हा विषय कोठून आला, तो कोणत्या हेतूने शिकविला गेला, आणि मराठी शाळेत तो कशासाठी शिकवावा, या तीन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

विषयाचे नाव आणि व्याप्ती

ग्राफिक डिझाइन हा शब्द नवा वाटतो. अमेरिकन अक्षररचनाकार विल्यम ॲडिसन ड्विगिन्स यांनी तो १९२२ मध्ये आपल्या कामासाठी वापरला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो जगभर रूढ झाला. आपल्याकडे या कामाला आधी 'कमर्शियल आर्ट' आणि नंतर 'उपयोजित कला' असे म्हटले गेले. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, रेल्वेस्थानकावरचा फलक, लग्नपत्रिका, पंचांगाचे पान, हे सारे त्यात येते. अक्षर आणि चित्र यांची अशी मांडणी करावयाची की वाचणाऱ्याला हवे ते विनासायास कळावे, ही त्याची साधी व्याख्या मी वर्गात सांगतो. या व्याख्येत 'सुंदर' हा शब्द नाही, हे चाणाक्ष विद्यार्थी पहिल्याच दिवशी लक्षात आणून देतात. उपयोग नीट साधला की सौंदर्य बहुधा त्याच्या मागोमाग येते. उलट क्रमाने मात्र ते क्वचितच साधते.

मराठी अक्षर छापखान्यात

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातच छापले गेले. मराठीतल्या या ग्रंथाची ओवी मराठी, शब्दकळा मराठी. परंतु अक्षरे मात्र रोमन. देवनागरीचे खिळे पाडणे त्या काळी तेथे शक्य झाले नाही. आपल्या भाषेतला हा महत्त्वाचा मुद्रित ग्रंथ परक्या लिपीत निघाला, याचे कारण भाषेची उणीव नव्हती. अक्षर घडविणारा कारागीर आणि त्याचे तंत्र यांची होती. भाषा समृद्ध असूनही अक्षराची व्यवस्था नसेल तर काय होते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या इतिहासात नाही.

पुढचा टप्पा मिरजेचा. १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने मिरज येथे भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून छापली गेली. तिच्यामागे पुण्यातील तांबटाच्या कारागिरीची परंपरा होती. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले. एका बाजूला पान अखंड कोरण्याची पद्धत आणि दुसऱ्या बाजूला सुटे खिळे जुळविण्याची पद्धत, असे दोन मार्ग एकाच वर्षी आपल्यासमोर उभे राहिले. सुट्या खिळ्यांचा मार्ग टिकला; पण देवनागरीच्या दृष्टीने तो फार कठीण होता. रोमन लिपीत थोड्या खिळ्यांवर काम भागते. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरली की जुळाऱ्यापुढच्या घरांची संख्या शेकड्यांत जाते.

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी या प्रश्नावर मोठे काम केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या संस्कृत आणि मराठी पुस्तकांतील अक्षर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचा डौल वेगळा सांगावयास नको. मुंबईच्या वळणाची ही अक्षरे इतकी प्रभावी ठरली की पुढे हिंदीसाठी देवनागरीचे प्रमाणीकरण झाले तेव्हा अ, झ, ण यांची जुनी हिंदी रूपे मागे पडून मुंबईच्या वळणाची रूपेच प्रमाण मानली गेली. आज उत्तर भारतातले लहान मूल जो 'अ' गिरविते, तो या अर्थाने आपल्या छापखान्यांतून तिकडे गेलेला आहे.

गुजरातीची कथा आपल्या शेजारची आहे. मुंबईच्या 'बॉम्बे कुरिअर' पत्रात १७९७ मध्ये गुजराती अक्षरांतली जाहिरात छापली गेली आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू झाला. व्यापाऱ्यांच्या वहीतली, शिरोरेषा नसलेली लिपी हळूहळू छापील साहित्याची लिपी झाली. आपल्याकडे नेमके उलट घडले. वहीतली आणि दप्तरातली धावती मोडी छापखान्याबाहेर राहिली आणि पोथीची बाळबोध छापखान्यात गेली. बडोदेकर मुलाच्या डोळ्यांसमोर रोज या दोन इतिहासांचे फलित उभे असते: घराच्या दारावर देवनागरी आणि समोरच्या दुकानावर गुजराती.

चित्रकला शाळेत का आली

शाळेत चित्रकला आली ती सौंदर्यदृष्टीसाठी आली, असा एक गोड समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात इंग्लंडच्या यंत्रनिर्मित मालाची घडण ओबडधोबड आणि भारतीय कारागिरांच्या मालाची नक्षी सरस आहे, असे तेथील जाणकारांनीच मान्य केले. त्यातून हेन्री कोल यांच्या नेतृत्वाखाली कलाशिक्षणाची जी सरकारी यंत्रणा उभी राहिली, ती पुढे दक्षिण केन्सिंग्टन पद्धत म्हणून ओळखली गेली. रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी आखलेल्या तिच्या अभ्यासक्रमात २३ पायऱ्या होत्या. आरंभ साधनांनी काढलेल्या रेषांपासून, मग सपाट नमुन्यावरून बाह्यरेषेची नक्कल, आणि पुष्कळ पुढे जाऊन स्वतःची रचना. ज्यांच्या नक्षीचे कौतुक झाले त्यांच्याच मुलांना ही पद्धत नक्षी शिकविण्यासाठी भारतात आली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

मद्रास येथे १८५० मध्ये, कलकत्त्यात १८५४ मध्ये आणि मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा निघाल्या. जे. जे. स्कूलमधून तयार झालेले ड्रॉइंग मास्तर इलाख्यातील हायस्कुलांतून पसरले. त्यांच्याबरोबर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या श्रेणी परीक्षा आल्या. त्या आजही महाराष्ट्राचे कला संचालनालय घेते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या पेटीत ते प्रमाणपत्र जपून ठेवलेले असेल. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती ब्रश दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

तथापि एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. या परीक्षांत अक्षरलेखन हा भाग भूमितीच्या प्रश्नपत्रिकेला जोडलेला असे. पट्टीने चौकटी आखावयाच्या, त्या सारख्या घरांत विभागावयाच्या आणि घरे भरून ठोकळेबाज अक्षर उभे करावयाचे. रोमन मोठ्या लिपीला ही रीत बऱ्यापैकी मानवते. देवनागरीचे अक्षर मात्र लेखणीच्या टोकातून, जाड-बारीक होत, शिरोरेषेला टांगलेले असे जन्मते. देवनागरीसाठी बोरूची जीभ रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरकी कापावी लागते आणि त्यामुळे अक्षराचा जाडपणाही उलट बाजूला पडतो. हे भूमितीच्या चौकटीत दिसत नाही. मुलांच्या अनेक पिढ्यांनी 'क' हा पट्टीने शिकला; तो हाताने शिकण्याचा मार्ग कित्ता बंद झाल्यावर उरला नाही.

युरोपात पेस्टालोझी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच असे प्रतिपादिले होते की मुलाने लिहिण्यापूर्वी रेषा पाहण्यास आणि काढण्यास शिकावे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत व्यक्त करताना जवळजवळ तोच विचार मांडला: मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे काढावयास लावावीत. चित्र आणि अक्षर ही एकाच हाताची दोन कामे आहेत, हे दोघांनीही ओळखले होते. आपल्या वेळापत्रकाने मात्र त्यांना दोन वेगवेगळ्या तासांत बसविले.

कलाभवनाचा धडा

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात १८९३ मध्ये आणि संपूर्ण संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे सर्वश्रुत आहे. त्याआधीच, १८९० मध्ये, बडोद्यात कलाभवन सुरू झाले होते. त्याचे सूत्रधार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या आणि चित्रकला एकाच छपराखाली शिकविण्याचा तो प्रयोग होता. गज्जरांचा आग्रह असा की हे शिक्षण देशी भाषेतून मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी देशी भाषांतून तांत्रिक ग्रंथ सिद्ध करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. या संस्थेला 'कला' हा शब्द लावताना चित्र आणि चरक असा भेद मानलेला नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण घ्या. जे. जे. स्कूलनंतर ते कलाभवनात शिकले. चित्रकलेबरोबरच छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्यांनी आत्मसात केली, पुढे राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणतो ते योग्यच. पण त्यांचा पिंड चित्र, अक्षर, रसायन आणि यंत्र या सर्वांशी मैत्री असलेल्या मुद्रकाचा होता. अशी माणसे एकाच विषयाच्या वर्गातून निघत नाहीत.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर कलाभवनाचे तांत्रिक अंग त्यात अभियांत्रिकीच्या रूपाने सामावले आणि १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा स्वतंत्रपणे निघाली. दोन्ही संस्थांनी नाव मिळविले. पण १८९० साली एका छपराखाली असलेले चित्र आणि यंत्र आता दोन आवारांत गेले, आणि शाळेतल्या मुलालाही त्याच वळणावर निवड करावी लागू लागली.

इंदूर, मुंबई आणि बडोदे

मराठी कलाशिक्षणाचा विचार इंदूरविना पुरा होत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये तेथे कलाशाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि मकबूल फिदा हुसेन हे तिचे विद्यार्थी. बेंद्रे पुढे बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत आले आणि येथील चित्रकला विभागाचा पाया त्यांनी घातला. हुसेन पंढरपूरचे, बालपणी बडोद्याच्या मदरशात राहून त्यांनी सुलेखन गिरविले, इंदुरात चित्रकला शिकले आणि मुंबईत पोटासाठी चित्रपटांचे प्रचंड फलक रंगविले. सुलेखनाची शिस्त आणि फलकाची दूरवरून दिसणारी ठसठशीत रेषा या दोन्ही त्यांच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसतात. उपयोजित काम हे 'खऱ्या' कलेच्या खालचे, असे मानणाऱ्यांनी या प्रवासाचा विचार करावा.

मुंबईत १९३५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि पुढे तो स्वतंत्र संस्था झाला. जाहिरातींचा व्यवसाय वाढत होता, आणि इंग्रजीत विचार करून मराठीत भाषांतर केलेल्या जाहिराती सर्वत्र दिसत होत्या. या वातावरणात रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारखा माणूस उभा राहिला. १९३६ मध्ये जन्मलेले आणि २००८ मध्ये निवर्तलेले हे अक्षरतज्ज्ञ जाहिरातक्षेत्रात होते, कवी होते, जे. जे. मध्ये आणि नंतर पवईच्या आय. आय. टी.त शिक्षक होते. भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरांवर त्यांनी जे काम केले, त्याचे एक फळ म्हणजे 'मंगल' हा फाँट. २००० सालापासून तो विंडोज प्रणालीबरोबर घरोघर पोहोचला. सरकारी अर्ज, शाळेची सूचना, निमंत्रणपत्रिका यांत आपण तो असंख्य वेळा पाहिला आहे. तो घडविणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ चा ग्रंथ आणि १९६१ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्या संस्थेमागे चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८ चा अहवाल होता. साध्या लोट्याच्या आकाराकडे, वजनाकडे, तोलाकडे, तो हाताळताना येणाऱ्या अनुभवाकडे पाहून त्यांनी डिझाइन म्हणजे काय हे समजावून दिले. माझ्या मते शाळकरी मुलांना द्यावयाचा पहिला पाठ तोच आहे.

वर्गातील अनुभव

आता वर्गाकडे वळतो. आठवड्याला एक तास आणि वर्षाला पंचविसेक तास एवढ्याच भांडवलावर हा अभ्यासक्रम चालतो. परीक्षा जवळ आल्या की यातलेही काही तास गणिताकडे जातात, ही प्रथा मी एकाहून अधिक शाळांत पाहिली आहे. त्यामुळे काय शिकवावे यापेक्षा काय सोडून द्यावे हे शिक्षकाला आधी ठरवावे लागते. मी रंग सोडून देतो. पहिले चार महिने काळा आणि पांढरा एवढेच.

आरंभी काळ्या कागदाचा एक चौकोन कापून पांढऱ्या पानावर ठेवावयास सांगतो. मधोमध ठेवला तर तो स्वस्थ बसतो, वरच्या कोपऱ्यात नेला तर निसटू पाहतो, कडेला टेकविला तर पानाबाहेरचे काही सुचवितो. मोकळी जागा हीसुद्धा पानाचा भाग आहे, हे मुलांना या एका खेळातून कळते. जर्मनीतील बाउहाउस शाळेने १९१९ नंतर प्राथमिक अभ्यासक्रमातून जे साधले, त्याचा हा शाळकरी अवतार समजावा. त्यासाठी कात्री आणि रद्दी पुरते.

नंतर बोरू. बाजारात तयार बोरू मिळाला नाही तर आइस्क्रीमची काडी तिरकी कापूनही काम भागते. प्रत्येकाने आपले नाव लिहावयाचे. मग तेच नाव शिरोरेषेविना. शिरोरेषा काढली की अक्षरे सुटी होतात, शब्द कोठे संपतो ते अंतरावरून ठरवावे लागते, आणि भ व म, ध व घ यांचा फरक सांगताना शिरोरेषेतला खंड किती मदत करीत होता ते ध्यानात येते. याच वेळी मुले आपणहून म्हणतात, की हे तर गुजरातीसारखे दिसू लागले. तेथून दोन लिप्यांचे नाते शिकविणे सोपे जाते. महाराष्ट्रातील शिक्षकाला हा पाठ पुस्तकातून द्यावा लागेल. आपल्याकडे तो रस्त्यावर आयता आहे.

म्हणून तिसरे काम रस्त्यावरचे. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत चालत जाऊन दुकानांच्या पाट्या पाहावयाच्या आणि वहीत नोंदवावयाच्या: लिपी कोणती, हाताने रंगविलेली की यंत्राने कापलेली, किती अंतरावरून वाचता येते. जुन्या पाट्यांत रंगाऱ्याने जागा कमी पडल्यावर मात्रा कशी आवळली, गिऱ्हाइकाचे लांब नाव कसे सामावून घेतले, हे मुले कौतुकाने पाहतात. यंत्राच्या पाटीत नाव लांबले की सर्व अक्षरे आडवी दाबली जातात आणि उभ्या रेषा बारीक होतात. रंगारी असे कधीच करीत नाही. त्याने डिझाइनचे पुस्तक वाचलेले नसते, पण अक्षराचा मान त्याला ठाऊक असतो.

चौथे काम शाळेतलेच. सूचनाफलकावरचे परीक्षेचे वेळापत्रक नव्याने मांडावयाचे. एका वर्षी मुलांनी ते फुलापानांनी सजवून आणले. मी ते पाचवीच्या वर्गासमोर लावावयास सांगितले आणि लहान मुलांनी आपल्या इयत्तेचा इतिहासाचा पेपर कोणत्या दिवशी आहे हे शोधून सांगावे, असे ठरविले. बहुतेकांना ते लवकर सापडले नाही. बोट ओळ चुकून शेजारच्या इयत्तेवर जात होते. नववीची मुले परत वर्गात आली आणि कोणी न सांगता त्यांनी फुले काढून टाकली, ओळींतले अंतर वाढविले, इयत्ता ठळक केली, तारखेसोबत वार लिहिला. दुसऱ्या खेपेस पाचवीच्या मुलांची बोटे नेमक्या ठिकाणी गेली. वाचणारा कोण, तो कोठे उभा आहे आणि त्याला काय हवे आहे, हा प्रश्न त्यानंतर त्या वर्गाला मला पुन्हा विचारावा लागला नाही. मला हे नागरिकशास्त्राचेही शिक्षण वाटते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपले काम पाहावयास शिकणे, हे केवळ चित्रकारालाच लागते असे नाही.

आज काय पणाला लागले आहे

पूर्वी छापील अक्षर थोड्यांच्या हाती होते. जुळारी, मुद्रितशोधक, मुद्रक अशा तीन-चार जाणत्या नजरांखालून गेल्याविना ते वाचकापर्यंत येत नसे. आज दहावीतला मुलगा घरी बसून पत्रिका रचतो आणि क्षणात शंभर जणांना धाडतो. प्रत्येक जण मुद्रक झाला आहे. पण मुद्रकाला लागणारे शिक्षण कोणालाही मिळालेले नाही. एन. सी. ई. आर. टी.ने २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर उच्च माध्यमिक वर्गांसाठी ग्राफिक डिझाइनची पाठ्यपुस्तके काढली, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो विषय ज्या थोड्या शाळांत ऐच्छिक म्हणून असेल तेथेच राहतो. गरज आहे ती सर्व मुलांना, आणि अकरावीच्या आधी.

मराठी शाळेसाठी यात आणखी एक प्रश्न आहे. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. 'ऱ्या'मधील अर्धा र मराठीत हवा, हिंदीत लागत नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे जाहीर केली, ती या जाणिवेतूनच. पण महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाला देवनागरी भेटते ती हिंदीच्या पुस्तकातून आणि संगणकातल्या तयार फाँटमधून. ते मूल घरी मराठी बोलते. पण मराठी अक्षराचे वळण त्याने कोठे पाहावे? हा वरवरचा प्रश्न नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांच्या सनदा, जमाखर्च आणि पत्रे मोडीत आहेत. संस्थानचे जुने मराठी दप्तर मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी शाळेत शिकविली जात होती, ती वाचण्यासाठी आज जाणकार शोधावा लागतो. शाळेने एखादी लिपी शिकविणे सोडले की ती घरातून जावयास दोन पिढ्यांहून अधिक काळ लागत नाही, असे हा इतिहास सांगतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची पटसंख्या कशी उतरते आहे, हे येथे बसलेल्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

अक्षराचे वळण शिकविल्याने भाषा वाचेल, असा भाबडा दावा मी करीत नाही. भाषा बोलणाऱ्यांच्या निश्चयाने टिकते. पण जे अक्षर मुलाने स्वतःच्या हाताने घडविले, ज्याची जाडी, झोक आणि अंतर यांवर त्याने तासभर विचार केला, ते अक्षर त्याला परके राहत नाही, हा माझा अनुभव आहे. ज्यांना मराठी वाचावयाचा कंटाळा आहे अशी मुलेही मराठी अक्षर काढावयास बसतात. आणि अक्षर काढता काढता शब्द वाचतात.

या शाळेपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्याला एक तास अक्षर आणि मांडणी यांसाठी असावा, आणि तो परीक्षेच्या काळातही अबाधित राहावा. दुसरी, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची जी वाट मोकळी केली आहे, तिचा लाभ घेऊन शहरातील पाटी रंगविणारा, ब्लॉक छपाई करणारा आणि जुना जुळारी यांना वर्गात आणावे. त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये. तिसरी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्या घरातील जुन्या पत्रिका, पंचांगे, दुकानाच्या पावत्या, मोडीतली पत्रे यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात. त्यांतून मुलांसाठी अक्षरांचा एक संग्रह उभा राहील. असा संग्रह कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात विकत मिळणार नाही.

गज्जरांनी १८९० मध्ये हाताचे ज्ञान मुलांच्या भाषेत दिले पाहिजे असे म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर विणकर आणि रंगाऱ्यांची मुले होती. आज आपल्यासमोर असलेल्या मुलांच्या हाती संगणक आहे. तत्त्व मात्र बदललेले नाही. ज्या गुरुवर्यांचे आज स्मरण करीत आहोत, त्यांनी मुलांना मराठी वाचावयास शिकविले. ती अक्षरे ज्या परंपरेने आपल्यापर्यंत आली तिची ओळख पुढच्या पिढीला करून देणे, हे त्यांच्याच कामाचे पुढचे पाऊल ठरेल.